सरांच्या गाडीचं ॲव्हरेज

राजापेठेत कोणी करकचून ब्रेक मारला की आमच्या सरांच्या पोटात दुखायचं. खरंच दुखायचं, पोटावर हात ठेवायचे. संध्याकाळी ते ओट्यावर खुर्ची टाकून बसत. समोरून ट्यूशनच्या पोरापोरींच्या गाड्यांची रांग, ऑटो, हातगाड्या, आणि मध्येच एखादी गाय. कोणी तरी गाईला चुकवायला ब्रेक दाबायचं आणि सर ओरडायचे, "जाळलं! बापाचं पेट्रोल जाळलं!"

पोरं दचकून खाली वाकून गाडी बघायची, कुठं पेटलं म्हणून.

"ब्रेक म्हणजे चूल," सर मला सांगायचे. "पेट्रोल जाळून वेग कमवायचा आणि तो ब्रेकच्या पट्ट्या तापवायला देऊन टाकायचा. बरं, एवढी चूल पेटवली तर तिच्यावर भांडं कुठाय?"

'भांडं कुठाय' हे त्यांचं पेटंट वाक्य. मी गरम इस्त्री तशीच ठेवली की भांडं कुठाय. शेजारच्या लग्नात बँड वाजला की भांडं कुठाय. एकदा मी गावाकडच्या आठवणीनं जरा डोळे पुसत होतो, तेव्हाही त्यांनी मला हेच विचारल्याचं आठवतं.

सर आधी माझे शिक्षक, अमरावतीतल्या एका तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइलचे विभागप्रमुख. मग निवृत्त झाले आणि माझे घरमालक झाले. माझ्या नशिबात ते दोन्ही अंगांनी आले. वरच्या दोन खोल्यांत मी राहायचो आणि त्यांच्याच जुन्या तंत्रनिकेतनात तासिका तत्त्वावर शिकवायचो. तासिका तत्त्व म्हणजे पोरांच्या लेखी मास्तर आणि संस्थेच्या लेखी कोणीच नाही. घरी कापसाची शेती होती, म्हणजे मला नोकरीची गरज होतीच. त्या वर्षांत वऱ्हाडात पेपर उघडताना शेतकऱ्यांच्या आत्महत्यांचं पहिलं पान उलटून डायरेक्ट जागा निघाल्याच्या जाहिरातींवर यायचं, अशी सवयच लावून घेतली होती आम्ही. वय निघून चाललं होतं. कायम जागेसाठी अर्ज करायची मुदत त्या वर्षीच्या उन्हाळ्याबरोबर संपणार होती, आणि हे माझ्याइतकंच सरांनाही माहीत होतं. हे लक्षात ठेवा.

वर राहण्याचे नियम होते. दिवसातून दोनदाच खाली उतरायचं. "तू वर चढलास की तुझ्यात ऊर्जा जमा होते," सर म्हणत. "ती कोथिंबिरीच्या जुडीसाठी खाली आणून सांडू नकोस." मग ती वाया जाऊ नये म्हणून त्यांनी गच्चीच्या कठड्याला कप्पी बसवली. माझी कचऱ्याची बादली खाली गेली की तिच्याच वजनानं काकूंची वाळवणाची टोपली वर यावी, अशी योजना. पहिल्याच दिवशी माझ्या बादलीत टरबुजाच्या साली निघाल्या. बादली दणकन खाली, टोपली सुसाट वर, आणि काकूंच्या वर्षभराच्या कुरड्यांचा राजापेठेवर वर्षाव.

काकू ओट्यावर येऊन म्हणाल्या, "काय करून राहिले तुमी हे?"

सर म्हणाले, "तत्त्व सिद्ध झालं."

काकू माहेरच्या अकोटच्या. बोलणं एक घाव दोन तुकडे. सरांना शास्त्रात कोणी हरवलं नाही, काकूंनी मात्र बोलण्यात रोज हरवलं. सरांना ते कधी कळायचं नाही, म्हणून संसार टिकला.

निवृत्तीनंतर लोक तीर्थयात्रा करतात, सरांनी हायब्रिड गाडी आणली. पुण्याहून स्वतः चालवत आणली आणि गल्लीच्या तोंडाशी उभे राहून सगळ्यांना बोलावलं. काकूंनी कुंकू लावलं, लिंबू ठेवलं. सर म्हणाले, "आता ऐका." गाडी निघाली, पण आवाज नाही. आमच्या गल्लीला हे नवीन. किराणावाले शेठ म्हणाले, "सर, धक्का देऊ का?"

"चालू आहे ती!"

"हो का? वाटत नाही."

या गाडीनं सरांना दोन वर्षं असंच छळलं. सिग्नलला थांबली की इंजिन आपोआप बंद व्हायचं आणि मागचे ऑटोवाले उतरून मदतीला यायचे. मंडईत तर ही मांजरासारखी मागून यायची आणि सरांना हॉर्न वाजवायचा नसायचा, कारण हॉर्नलाही वीज लागते. मग सर काच खाली करून तोंडानं "बाजू, बाजू" म्हणायचे.

आणि ती कशी चालते, हे जो भेटेल त्याला सांगायचे. मला तर जेवताना सांगितलं, काकू वाढत असताना.

"हे बघ, पेट्रोल इंजिन म्हणजे मी. एकदा वेग घेतला की माझ्यासारखा काम करणारा नाही. पण उठताना, निघताना, हळूहळू चालताना माझा खर्च फार. आणि विजेची मोटार म्हणजे ही. हिला उठायला काहीच लागत नाही. म्हणून निघताना ही ओढते, वेग आला की मी घेतो, चढ आला की दोघं मिळून. थांबलो की मी बंद. आणि ब्रेक दाबला की चाकच या मोटारीला फिरवतं आणि ती डायनामोसारखी वीज करते. जो वेग चुलीत जायचा, तो बॅटरीत. हे भांडं! चुलीवरचं भांडं सापडलं की नाही?"

काकू म्हणाल्या, "थांबल्यावर तुमी बंद होता? हे कधी झालं?"

"उदाहरण आहे ते."

"आनि बॅटरी कोन मंग?"

सरांनी माझ्याकडे बोट केलं. "हा. ज्याचं जे उरेल ते याच्यात भरायचं, आणि लागलं की काढून घ्यायचं."

मी हसलो होतो तेव्हा. वा, काय उदाहरण दिलं सरांनी, असं वाटलं होतं.

तर सगळा हिशोब असा की हायब्रिडचा फायदा गर्दीत. मोकळ्या रस्त्यावर इंजिन तसंही सुखानं चालतं, तिथं वाचणार किती? थांबत-थांबत, रांगत-रांगत जाताना खरी बचत. हे बरोबरच आहे. पण सरांनी त्यातून काढलेला अर्थ असा, की गर्दी शोधत जायचं. सारं अमरावती राजापेठ टाळून बाहेरून जायचं, तेव्हा सर बाहेरच्या माणसांना राजापेठेतून न्यायचे. बडनेऱ्याला गाडी पकडायला निघालेल्या पाहुण्यांनाही आधी जवाहर गेटाकडची एक चक्कर. पाहुण्यांची गाडी चुकायची, पण सरांचं ॲव्हरेज वाढायचं.

समोरच्या पडद्यावर तो आकडा दिसायचा, एका लिटरला किती. त्या आकड्यावर सरांचा रक्तदाब चालायचा. एसी लावला की आकडा पडतो, म्हणून एसी बंद. काच उघडली की वारा आत शिरून गाडीला मागं ओढतो, म्हणून काचा बंद. आता वऱ्हाडातल्या मे महिन्यात एसी बंद आणि काचाही बंद म्हणजे काय, ते ज्यानं भोगलं त्यालाच कळेल. काकू डोक्यावर ओला पंचा घेऊन बसायच्या. सर मात्र घामानं निथळत, प्रसन्न चेहऱ्यानं म्हणायचे, "सत्तावीस पॉइंट आठ!"

मध्यंतरी सरांनी मनावर घेतलं, की शेतकऱ्यांना ऊर्जेची बचत कोणीच शिकवत नाही आणि सगळा घोळ तिथंच आहे. अकोटकडच्या एका गावात, देवळाच्या ओट्यावर, गाडी समोर उभी करून त्यांनी तासभर भाषण दिलं. मी सोबत होतो. लोक शांत ऐकत होते. त्या साली त्या गावानं इतकी भाषणं ऐकली होती, की आणखी एक ऐकायला त्यांची हरकत नव्हती. शेवटी एक म्हातारी बाई उठली.

"सर, उतारावर गेलेलं वापस येते म्हनता. पन आमच्याकडं नुसता चढच हाय. उतार कुठून आनाचा?"

सरांनी क्षणभर विचार केला आणि गंभीरपणे सांगितलं, "तसं नाही. अकोट तालुका बहुतांशी सपाट आहे."

माझं तोंड लाजेनं काळं पडलं. ती बाई "बरं" म्हणून खाली बसली.

आणि मग अकोटची जागा निघाली. तिथल्या एका खाजगी तंत्रनिकेतनात ऑटोमोबाइलचा अधिव्याख्याता, कायम. वयाच्या हिशोबानं माझी शेवटची संधी. मी अर्ज टाकला, मुलाखतीचं पत्र आलं, सकाळी अकरा वाजता. चार दिवसांनी कळलं, की निवड समितीवर बाहेरचे तज्ज्ञ म्हणून आमचे सरच चालले आहेत. खोटं कशाला सांगू, मनात लाडू फुटले. सर म्हणाले, "ओळख वेगळी, गुण वेगळे. माझ्याकडून एका गुणाची अपेक्षा ठेवू नकोस." मी हो म्हटलं आणि ठेवली.

मी सकाळच्या एसटीनं जाणार होतो. आदल्या दिवशी सर म्हणाले, "एसटी कशाला? मी चाललोच आहे. मागं एक माणूस बसला की ॲव्हरेज किती पडतं, तेही बघता येईल."

काकूही निघाल्या. बहिणीकडे जायचं होतं, आणि बरोबर एक जुनी गादी होती. अमरावतीतला पिंजारी कापूस बदलतो, खरा पिंजारी अकोटचाच, असं त्यांचं ठाम मत. गादीची गुंडाळी मागच्या सीटवर माझ्या शेजारी, दाराला टेकवून ठेवली. साडेसातला निघालो. अकोटचा रस्ता एका दिशेला, आम्ही दुसऱ्या दिशेला. राजापेठेतून चक्कर. सकाळच्या ट्यूशनची गर्दी सरांना सोडवेना. शहर सोडायलाच पाऊण तास गेला.

"सर, अकरा वाजता आहे मुलाखत."

"माझ्याशिवाय सुरू होते का?"

हे मात्र खरं होतं. मी मागं टेकलो. पन्नासच्या वर काटा नाही, काचा बंद, एसी बंद. माझ्या पांढऱ्या शर्टाचा रंग पाठीकडून बदलत गेला. पण आकडा चढत होता. दर्यापूर ओलांडलं तेव्हा एकोणतीसला टेकला. सरांच्या आयुष्यातला तो उच्चांक. तेवढ्यात पडद्यावर लाल दिवा लागला. बॅटरी तापली होती. माझ्या सीटच्या बाजूनं पंख्याची घरघर येत होती, ती मला अर्ध्या तासापासून ऐकू येत होती, पण सरांच्या गाडीबद्दल सरांना सांगायची हिंमत कोणाची?

एका निंबाखाली गाडी लावली. सरांनी बॉनेट उघडलं, गाडीचं पुस्तक उघडलं आणि मला शिकवायला सुरुवात केली. बॅटरी का तापते, याची चार कारणं. त्यातलं एकही आमचं नव्हतं.

इतक्यात मागून एसटी आली. धूर सोडत, खडखडत. मी हात वर केला. सरांनी तो धरून खाली ओढला.

"त्या डबड्यात जातोस? धूर बघ तिचा! पेट्रोल, डिझेल, काही कळतं का यांना?"

"सर, उशीर..."

"माझ्याशिवाय सुरू होते का?"

मी हात खाली घेतला. सरांनी ओढला, पण खाली ठेवला मीच. ड्रायव्हरनं वेग कमी केला होता. तो वैतागून पुढं निघून गेला.

तिकडं काकूंना रस्त्यात सायकलवर एक म्हातारे चाचा दिसले, मागं पिंजायची धनुकली बांधलेली. काकूंनी हाक मारली. "ओ चाचा! अकोटचे का? या गादीले किती दिवस लागतील?"

चाचांनी सायकल लावली, मागचं दार उघडलं, गादी ओढून बाहेर काढली. गादीमागं दाराजवळ एक जाळी होती. गादी निघाल्याबरोबर पंख्याची घरघर बदलली, जोरात हवा ओढल्याचा आवाज आला. चाचा वाकले. जाळीत अडकलेला कापसाचा पुंजका बोटानं काढला, चोळून पाहिला.

"हे तर जुनी रुई हाय बाई. याच गादीची. साहेब, इथून काही सांस घेते का ही गाडी?"

सर पुस्तकातून वर बघायला तयार नव्हते. मीच पुढं झालो. बॅटरी मागच्या सीटखाली, आणि तिला थंड ठेवणारी हवा याच जाळीतून, गाडीच्या आतूनच ओढली जाते. शिकलो होतो हे. शिकवलंही होतं. आत भट्टी, आणि तोंडावर गादी.

"मानूस असो का मशीन," चाचा म्हणाले, "तोंडावर गादी ठेवली तर मरनच ना. आता गाडीत थंडी हवा सोडा, होईल निट."

"एसी लावा," काकू म्हणाल्या.

सरांनी पडद्याकडे पाहिलं. एकोणतीस पॉइंट एक. "नाही. आपोआप होईल थंड. सावलीत आहे."

"अहो, त्या पोराची नोकरी हाय! त्याचं वय चाललं!"

"त्याची मुलाखत माझ्याशिवाय सुरू होत नाही, किती वेळा सांगू?"

मी हात जोडले. खरंच जोडले, त्या रस्त्यावर, चाचांसमोर. "सर, दहा मिनिटं लावा फक्त."

सरांनी एसी लावला नाही. आम्ही पाऊण तास निंबाखाली उभे राहिलो. चाचा गादी सायकलवर टाकून, "अल्ला बरकत देईल" असं माझ्याकडे बघून म्हणून निघून गेले. मला वाटतं, त्यांना सगळं कळलं होतं.

अकोटला पोचलो तेव्हा सव्वाअकरा झाले होते. काकूंना बहिणीकडे सोडलं. आणि बसस्टँडजवळ सरांनी गाडी थांबवली. "आता तू उतर. आपल्याला सोबत पाहिलं तर लोक म्हणतील वशिला आहे. मी पुढं जातो, तू चालत ये."

तंत्रनिकेतन तिथून दीड-दोन किलोमीटर. मी उन्हात पळत सुटलो. पोचलो तेव्हा शिपाई म्हणाला, "तुमचं नाव पुकारून झालं. पयलंच होतं."

सर आले होते, म्हणून मुलाखती सुरू झाल्या होत्या.

बाकावर निळ्या शर्टातला एक मुलगा बसला होता, मुलाखत देऊन आलेला. तो म्हणाला, "तुमी निंबाखाली उभे होते ना? मी बसमंधी होतो. मले वाटलं तुमी येता. हात काहून खाली घेतला?"

प्राचार्य भला माणूस. त्यांनी सगळ्यांच्या शेवटी मला आत घेतलं. टेबलामागं चार जण, त्यात सर, चेहरा कोरा करकरीत. माझ्याकडे असं बघत होते, जसं मी पहिल्यांदाच दिसतोय.

प्राचार्यांनी विचारलं, "उशीर का झाला?"

"गाडी बंद पडली, सर."

मग आमचे सर बोलले. घसा साफ करून, सगळ्यांच्या देखत. "कोणती गाडी?"

मी त्यांच्याकडे पाहिलं. ते पेनाचं टोपण बघत होते. खरं सांगितलं असतं तर सरांची अब्रू गेली असती, आणि उमेदवार तज्ज्ञाच्या गाडीतून आला म्हणून माझाही निकाल तिथंच लागला असता.

"एसटी," मी म्हटलं.

"हं," सर म्हणाले, आणि समोरच्या कागदावर काही लिहिलं. मग विचारलं, "हायब्रिड गाडी पेट्रोल कसं वाचवते?"

मी सगळं सांगितलं. मोटार, इंजिन, ब्रेक, बॅटरी. बाकीचे तिघं माना डोलावत होते. सरांनी शेवटचा प्रश्न टाकला. "बॅटरी तापली तर काय करायचं?" दोन तासांपूर्वी चाचांकडून ऐकलेलं ते मला विचारत होते!

"तिच्या तोंडावरची गादी काढायची," मी म्हटलं.

प्राचार्य हसले. सर हसले नाहीत.

जागा निळ्या शर्टवाल्याला मिळाली. चांगला मुलगा होता, तक्रार नाही. सरांनी माझ्या कागदावर काय लिहिलं, ते प्राचार्यांनी पुढं कधीतरी मला सांगितलं: 'विषयाचं ज्ञान उत्तम. वाहनाची निवड चुकीची. वक्तशीरपणा नाही.' मी त्या दिवशी एसटीनं परत आलो. काकू सरांबरोबर आल्या, आणि येताना त्यांनी अकोट ते अमरावती एसी फुल्ल ठेवला. आकडा अठरावर आला. सर चार दिवस जेवले नाहीत नीट. माझं काय झालं, हे त्या चार दिवसांत त्यांनी एकदाही विचारलं नाही. महिन्याभरात मी खोल्या सोडल्या.

वय गेलं. मी राजापेठेतच गॅरेज टाकलं. आता हायब्रिड गाड्या बऱ्याच झाल्या, आणि अमरावतीत त्या नीट करणारा मी. दर उन्हाळ्यात तेच. मागच्या सीटवर कोणी चटई, कोणी पोतं, कोणी गादी टाकलेली, जाळीत कापूस. मी जाळी साफ करतो, पोरांना शिकवावं तसं गिऱ्हाइकांना शिकवतो आणि म्हणतो, एसी लावत जा, मरू द्या ॲव्हरेज.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात, भर दुपारी, सर गॅरेजच्या दारात उभे. चालत आले होते. वाळले होते. शर्ट पाठीला चिकटलेला. मागं काकू, डोक्यावर ओला पंचा.

"मोठ्या चौकात बंद पडली," सर म्हणाले. "लाल दिवा."

मी हात पुसले. हे एवढं वाक्य मी कितीतरी वर्षं तोंडात धरून ठेवलं होतं.

"कोणती गाडी?"

काकूंनी पंचा डोळ्यांवर ओढला. मला वाटलं, आता सर ब्रेकचं शास्त्र सांगतील, तापमानाची चार कारणं सांगतील. त्यांचा हात पोटावर गेला.

"एसटी," सर म्हणाले.

मी आतून खुर्ची आणली, कूलरसमोर ठेवली आणि कूलर फुल्ल केला.